विश्लेषण : पाणी भरल्यावरही लहान मोटरबोट तरंगायला हवी… मग ती बुडते कशी?

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि कोकण किनाऱ्यावर होड्यांवरच्या ताडपत्र्या निघू लागतात. पर्यटकांच्या बोटी त्यानंतर महिनाभराने पाण्यात उतरतात. या काळात इंजिनाची सर्व्हिसिंग होते, रंगाचा हात मारला जातो, नारळ वाहिला जातो. मात्र बोटीच्या मागच्या बाजूचे एक इंचाचे बूच आणि तळाच्या फळ्यांखाली भरलेला फोम यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मागे आउटबोर्ड इंजिन लावलेल्या पाच-सहा मीटरच्या बोटीत प्रवाशांचा जीव अनेकदा याच दोन गोष्टींवर अवलंबून असतो. अशा बोटीत पाणी येते कुठून, भरल्यावर ती बुडते का आणि हा दोष वेळीच कसा ओळखायचा, याचा आढावा.

हा विषय आता महत्त्वाचा का?

गेल्या काही वर्षांत लहान प्रवासी बोटींचे अपघात सातत्याने घडले. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटक बोट उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. दोन्ही ठिकाणी बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सातपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जणांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, पण तो टकरीचा प्रकार असल्याने वेगळा.

प्रत्येक अपघातानंतर चर्चा होते ती जॅकेट, परवाना आणि प्रवासीसंख्येची. ती आवश्यकच आहे. मात्र या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो. बोटीत पाणी शिरले, अगदी काठापर्यंत भरले, तरी माणसांना धरून राहण्यासाठी बोट पृष्ठभागावर उरली का? उजनीसारख्या जलाशयात काठ दूर असतो आणि मदत पोहोचायला वेळ लागतो. तिथे या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असणे म्हणजे प्रवाशांच्या हाती एक मोठे जॅकेट असण्यासारखे आहे.

फायबरची बोट आणि लाकडी होडी यांत फरक काय?

बोट आपल्या एकूण वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तरंगते. हे बोटीच्या पोकळीमुळे शक्य होते. पोकळीत पाणी भरले की उरते ते फक्त बोट ज्या पदार्थाची बनली आहे त्याचे तरंगणे. लाकूड साधारणपणे पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे जुनी लाकडी होडी पाण्याने भरली तरी काठ पाण्याबरोबर ठेवून तरंगत राहण्याची शक्यता असे. काचतंतू आणि रेझिनपासून बनलेले फायबर मात्र पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असते. त्यात मागे लटकलेल्या इंजिनाची भर. म्हणजे फायबरची बोट भरली आणि तिला अन्य आधार नसेल, तर ती दगडासारखी तळाशी जाणार.

हा आधार म्हणजे फोम किंवा हवाबंद कप्पे. एक ढोबळ हिशेब करून पाहू. बोटीचे फायबर ३०० किलो धरले, तर पूर्ण पाण्याखाली त्याचे वजन साधारण १०० किलो उरते. ४० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन सुमारे १०० किलोचे, पाण्याखाली ते ७० किलोच्या आसपास भरेल. बॅटरी व किरकोळ सामानाचे १० किलो. सहा माणसे गळ्यापर्यंत पाण्यात राहून बोटीला धरून असतील, तर प्रत्येकी १० किलोप्रमाणे ६० किलो. एकूण २४० किलो. एक लिटर चांगला, कोरडा फोम पाण्यात जवळपास एक किलो वजन पेलतो. म्हणजे या बोटीला किमान २५० लिटर फोम हवा, दोनशे लिटरच्या पिंपापेक्षा थोडा अधिक. एवढ्या फोमचे स्वतःचे वजन जेमतेम आठ किलो भरते. जागाही फार लागत नाही, सीटखाली आणि दोन्ही बाजूंना तो सहज मावतो.

फोम किती, यापेक्षा तो कुठे?

सगळा फोम तळाशी भरला तर बोट बुडणार नाही, पण भरल्यावर पालथी होईल. हलकी वस्तू वर यायला पाहते आणि जड इंजिन खाली जाते. पालथ्या, शेवाळलेल्या तळाला धरून राहणे लहान मुलांना किंवा वयस्कर माणसांना जमत नाही. म्हणून फोमचा मोठा भाग दोन्ही काठांलगत शक्य तितका उंच आणि इंजिनाचे वजन तोलण्यासाठी मागच्या कोपऱ्यांत असावा लागतो. तसे असेल तर भरलेली बोट आडवी, सपाट तरंगते. फोम फक्त पुढच्या टोकाला असेल तर मागची बाजू बुडून बोट बाटलीसारखी उभी राहते आणि धरायला जेमतेम हातभर टोक पाण्यावर उरते.

अमेरिकेत २० फुटांपेक्षा कमी लांबीच्या आउटबोर्ड बोटींना, काही अपवाद वगळता, पाणी भरल्यावरही अशा प्रकारे सपाट तरंगण्याची अट आहे. किती माणसे आणि किती वजन चालेल याची पट्टीही बोटीवर लावावी लागते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात सहा मीटरपेक्षा लहान आणि पाणी भरण्याचा धोका असलेल्या बोटींना, पाण्याने भरलेल्या स्थितीतही तरंगत ठेवणारी सोय बंधनकारक केली आहे. दोन्हीकडचा विचार एकच. लहान बोटीत पाणी कधी ना कधी भरणारच, हे गृहीत धरून ती बांधायची.

पाणी आत येते कुठून?

पहिला आणि सर्वांत साधा मार्ग म्हणजे बूच. बोट किनाऱ्यावर ओढल्यावर आतले पाणी निघून जावे म्हणून मागच्या आडव्या फळीच्या तळाशी एक भोक असते. बूच लावायला विसरणे, त्याचे रबर कडक होणे किंवा आटे झिजणे हे नेहमीचे प्रकार. भोक लहान दिसते म्हणून धोका लहान वाटतो. पण २५ मिलिमीटरचे भोक पाण्याखाली २० सेंटिमीटरवर असेल, तर मिनिटाला सुमारे ३५ लिटर पाणी आत येते. दहा मिनिटांत ३५० किलो, म्हणजे पाच प्रौढ माणसे न सांगता बोटीत येऊन बसल्यासारखे.

यातली फसवी गोष्ट अशी, की बोट वेगात धावत असताना मागच्या फळीपाशी पाण्याचा दाब कमी होतो आणि उघड्या भोकातून आतले पाणी उलट बाहेर खेचले जाते. त्यामुळे प्रवासात सगळे ठीक वाटते. डॉल्फिन पाहण्यासाठी किंवा जाळे ओढण्यासाठी बोट थांबली, की पाणी आत यायला सुरुवात होते.

दुसरा मार्ग मागच्या बाजूचा. इंजिन बसवण्यासाठी तिथली फळी खाली कापलेली असते, म्हणजे काठ सर्वांत कमी उंचीचा तिथेच. जुने दोन-स्ट्रोक इंजिन काढून त्याच बोटीवर जड चार-स्ट्रोक इंजिन लावले, सोबत दुसरी टाकी आणि बॅटरीही मागेच ठेवली, की ही उंची आणखी घटते. वेगातली बोट एकदम थांबवली तर तिचीच लाट मागून येऊन आत सांडते. नांगर मागच्या बाजूने टाकला तरी हेच होते.

तिसरा मार्ग म्हणजे पाणी निघण्यासाठी ठेवलेली भोकेच. काही बोटींत उभे राहण्याचा पृष्ठभाग बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असतो आणि त्यावरचे पाणी बाजूच्या भोकांतून आपोआप निघून जाते. ही रचना चांगली, पण बोट हलकी असेपर्यंतच. वजन वाढून बोट चार बोटे खाली बसली, की बाहेरचे पाणी त्याच भोकांतून आत येते. पाणी उलट येऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी झडपांत माशांचे खवले, पाने आणि प्लास्टिकचे तुकडे अडकतात, मग त्या ना नीट उघडतात ना नीट बंद होतात.

चौथा मार्ग झिजेचा. वाळूवरून ओढून झिजलेला तळाचा कणा, इंजिनाच्या बोल्टभोवतीची फट, मासे शोधणाऱ्या यंत्रासाठी पाडलेली स्क्रूची भोके यांतून पाणी थेंबाथेंबाने येते, दिसत नाही आणि म्हणूनच वर्षानुवर्षे येत राहते.

लपलेले पाणी जास्त घातक का?

थेंबाथेंबाने आलेले पाणी तळाच्या फळ्यांखाली साचते आणि फोम त्यात भिजत पडतो. बोटीत वापरला जाणारा पॉलियुरेथेन फोम बंद पेशींचा असतो, तो लगेच पाणी शोषत नाही. पण वर्षानुवर्षे पाण्यात राहिला आणि लाटांचे धक्के खात राहिला, की पेशींच्या भिंती फुटतात आणि पाणी आत मुरते. वरच्या हिशेबातला २५० लिटर फोम निम्मा भिजला, तर बोटीत १२५ किलो वजन कायमचे वाढते. बोट खाली बसते, पाणी निघण्याची भोके पातळीखाली जातात आणि आणखी पाणी येते. शिवाय बोट भरण्याची वेळ आलीच, तर तेव्हा उपयोगी पडायला हवा असलेला १२५ किलोंचा आधारही गेलेला असतो. एकाच दोषाचे हे दोन तोटे आहेत, एक रोजचा आणि एक अपघाताच्या क्षणाचा.

मोकळ्या पाण्याची आणखी एक खोड असते. बोट जरा कलली की ते सगळे खालच्या बाजूला धावते आणि बोटीला आणखी कलवते. पाठोपाठ घाबरलेले प्रवासी एका बाजूला सरकले, तर उलटायला काही सेकंद पुरतात. म्हणून घोट्याएवढे पाणीही ‘थोडेसेच’ म्हणून सोडून देण्यासारखे नसते.

पंप बसवला की प्रश्न सुटतो का?

नाही. बाजारात मिळणाऱ्या लहान पंपावर तासाला ५०० गॅलन अशी क्षमता लिहिलेली असते, म्हणजे सुमारे १,९०० लिटर. ही क्षमता पाणी वर चढवायचे नसताना मोजलेली असते. प्रत्यक्षात नळी लांब, वळणे जास्त आणि बॅटरी अर्धी उतरलेली असते, त्यामुळे हाती बरेच कमी येते. दुसरीकडे बुचाच्या उघड्या भोकातून तासाला दोन हजार लिटरहून जास्त पाणी येऊ शकते. म्हणजे पंप सुरू असतानाही बोट भरतच राहील.

आपोआप सुरू होणाऱ्या पंपाचा आणखी एक धोका आहे. तो गळती झाकून टाकतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीत पंप रात्रभर चालू-बंद होत राहतो, पहाटे बॅटरी संपते आणि सकाळी बोट पाण्याखाली सापडते. त्यामुळे पंप किती वेळा सुरू होतो याची नोंद ठेवणे हीच गळतीची पहिली तपासणी. आणि पंप कितीही चांगला असला तरी पाणी उपसायला बादली किंवा कापलेला कॅन दोरीने बांधून ठेवायलाच हवा. त्याला बॅटरी लागत नाही.

दोष शोधायचा कसा?

सुरुवात पाण्यात उभ्या बोटीपासून करावी. माणसे आणि सामान नसताना मागची बाजू किती खाली बसते ते पाहावे. नवी बोट पाण्यात उतरवली, त्या दिवशीच्या पातळीवर बाहेरून रंगाची रेघ मारून ठेवली, तर दरवर्षी ताडून पाहता येते. रेघ पाण्याखाली गेली असेल, तर वजन कुठेतरी वाढले आहे. शंका पक्की करायची तर बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर न्यावी आणि ट्रेलरचे वजन वजा करावे. कागदोपत्री वजनापेक्षा शंभर-दीडशे किलो जास्त भरले आणि सामानात त्याचा हिशेब लागत नसेल, तर ते बहुधा पाणीच आहे.

त्यानंतर आत साचलेले पाणी पाहावे. किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असलेल्या बोटीतही ते गोडे असेल तर पाऊस वरून शिरतो आहे. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या बोटीत ते खारट असेल तर गळती खालून. गळतीची जागा शोधण्यासाठी बोट जमिनीवर घेऊन बाहेरून पूर्ण कोरडी पुसावी, बूच लावावे आणि आत वीतभर पाणी भरावे. जास्त भरू नये, कारण खालून पाण्याचा आधार नसताना तळावर ताण येतो. अर्ध्या तासात बाहेर जिथे ओल उमटेल, तिथे खडूने खूण करावी.

मागच्या फळीच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असते. हातोडीच्या मुठीने ठोकत गेल्यावर टणक आवाजाऐवजी मधेच बद्द आवाज आला, किंवा इंजिन वर-खाली हलवताना फळी लवली, तर आतले लाकूड कुजले आहे. अशा फळीवर इंजिन चालवणे धोक्याचे. फोमची तपासणी वरच्या पृष्ठभागातून लहान भोक पाडून करता येते. आतला नमुना चिमटीत दाबल्यावर पाणी निघाले, तर तो फोम वाळवत बसण्यात अर्थ नाही. बंद कप्प्यात तो सहसा वाळत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. नमुन्याचे भोक नंतर नीट बुजवावे. बोटीच्या बाहेरच्या तळाला मात्र भोक पाडू नये.

स्वस्तातले उपाय कोणते आणि त्यांत धोका काय?

फोमऐवजी थर्माकोल भरण्याचा मोह होतो. पण थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो आणि फायबरच्या कामात वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर रेझिननेही तो खाल्ला जातो. टाकीजवळ तो टिकणार नाही. घट्ट झाकणाचे रिकामे प्लास्टिक कॅन हा गरिबाचा पण योग्य उपाय आहे. मात्र ते सीटखाली, काठांलगत पट्ट्यांनी घट्ट बांधलेले हवेत. मोकळे ठेवले तर बोट भरताच ते आधी तरंगून निघून जातील. दोन द्रावणे मिसळून ओतायचा फोम वापरायचा असेल तर काम मोकळ्या हवेत, तोंडाला योग्य मास्क लावूनच करावे, कारण त्याची वाफ फुफ्फुसांना अपायकारक असते. नवा फोम भरताना त्याच्याखालून पाणी वाहून बुचाकडे जाईल अशी वाट सोडली नाही, तर काही वर्षांनी तोच खर्च पुन्हा करावा लागेल.

पावसाळ्यातली ठेवणही महत्त्वाची. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. सात चौरस मीटरच्या उघड्या बोटीत तेवढ्याने ७०० लिटर पाणी साचते. म्हणून किनाऱ्यावरची बोट पुढचे टोक उंच करून, बूच काढून आणि वर उताराची ताडपत्री घालून ठेवायची. काढलेले बूच इंजिनाच्या किल्लीला बांधून ठेवले, तर ते लावल्याशिवाय बोट निघण्याची शक्यता उरत नाही.

कायदा काय म्हणतो, आणि प्रवाशाने काय पाहावे?

नद्या, जलाशय आणि खाड्यांसाठी देशात अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी तो आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटींसाठी नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र त्यात आवश्यक आहे. राज्याच्या किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाची जबाबदारी येते. प्रमाणपत्र मात्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. फोम त्यानंतर भिजतो, इंजिन त्यानंतर बदलले जाते. म्हणून बोटीचे वजन आणि मोकळ्या स्थितीतली पाण्याची रेघ यांची दरवर्षी नोंद घेतली, तर फारसा खर्च न करता लपलेला दोष कागदावर येईल. तराफ्याला पर्याय नसलेल्या जलाशयाकाठच्या गावांमध्ये, जिथे पूल होईपर्यंत रोजचा प्रवास बोटीनेच होणार, तिथे हे अधिक निकडीचे आहे.

प्रवाशाला फळ्या उचकटून फोम तपासता येणार नाही. पण चढण्यापूर्वी चार गोष्टी पाहता येतात. बोटीचा मागचा काठ पाण्यापासून किती उंच आहे? फळ्यांखाली पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का? प्रवाशांच्या संख्येची पट्टी आहे का आणि ती पाळली जाते का? अंगात बसेल असे जॅकेट मिळाले का? यांपैकी एकाही उत्तराने समाधान झाले नाही, तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. बसल्यावर वजन दोन्ही बाजूंना सारखे विभागावे आणि फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला उठू नये. बोट भरलीच, तर काठ जवळ दिसला तरी पोहत सुटण्याऐवजी तरंगत्या बोटीला धरून राहावे. पाण्यातले डोके शोधण्यापेक्षा बोट शोधणे मदतीला येणाऱ्यांना सोपे जाते. मात्र त्यासाठी ती बोट पाण्यावर उरलेली असायला हवी आणि ते बोट धक्क्यावरून सुटण्याच्या कितीतरी आधी, तिच्या फळ्यांखाली ठरलेले असते.